हाकेला ओ देणारे नाटक

नाटक एकट्याने पाहावयाचे की कुटुंबासह, हा प्रश्न आमच्या टीकाकारांनी फारसा विचारलेला नाही. नाट्यसमीक्षेत संहितेची चर्चा होते, अभिनयाची होते, नेपथ्याची व संगीताचीही होते; परंतु आपल्या शेजारी कोण बसले होते, याला तिच्यात स्थान नसते. आम्ही महाविद्यालयात इंग्रजी नाटक शिकवीत आहोत, त्यास आता ३० वर्षे होत आली. एवढ्या काळात हा प्रश्न आम्हांसही पडला नव्हता. तो पडला दोन प्रसंगांमुळे. मागल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब इंग्लंडात एक नाताळी पँटोमाइम पाहिला आणि त्यानंतरच्या चैत्रात, जालना जिल्ह्यातील आमच्या गावी, रामनवमीच्या उत्सवाच्या अखेरीस लळित पाहिले. दोन्ही वेळी मंडळी तीच होती: आमची ७८ वर्षांची आई, आमची पत्नी, इंग्लंडात स्थायिक झालेली लेक, जावई आणि ६ वर्षांचा नातू. या दोन खेळांविषयी जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावाचा खुलासा केला पाहिजे. पँटोमाइम या शब्दाला मराठीत 'मूकनाट्य' असा प्रतिशब्द वापरला जातो. त्यावर विसंबून जो नाताळच्या दिवसांत इंग्लंडातील नाट्यगृहात शिरेल, त्याचे कान पहिल्या पाच मिनिटांत बधिर होतील. तेथे नट बोलतात, गातात, ओरडतात आणि प्रेक्षक त्यांच्याहून मोठ्याने ओरडतात. शब्द मूळचा ग्रीक; 'सर्वांची नक्कल करणारा' हा त्याचा अर्थ. अठराव्या शतकाच्या आरंभी इटालियन सोंगाड्यांच्या खेळांतील हार्लेक्विन, त्याची प्रेयसी कोलंबाइन आणि म्हातारा पँटालून ही पात्रे लंडनच्या रंगभूमीवर आली. जॉन रिच या नटाने १७१७ च्या सुमारास मुका हार्लेक्विन लोकप्रिय केला. पुढे १७३७ च्या कायद्याने गद्य संवादांची नाटके करण्याचा हक्क राजसनद असलेल्या नाट्यगृहांपुरताच राखला गेला. इतरांस गाणे, नाच, कसरत आणि मुका अभिनय यांवर भागवावे लागले. १८०६ च्या नाताळात कव्हेंट गार्डनमध्ये 'मदर गूज' हा खेळ झाला. त्यात जोसेफ ग्रिमाल्डी याने विदूषकाचे काम असे केले की हार्लेक्विन मागे पडला आणि विदूषक पुढे आला. १८४३ साली कायदा बदलला, सर्व नाट्यगृहांस वाचा फुटली आणि पँटोमाइम बोलू लागला. नाव मात्र जुनेच राहिले. त्याच १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. हा केवळ योगायोग आहे, त्यातून अधिक अर्थ काढू नये. तथापि भाव्यांच्या खेळात आरंभी येणारे गणपती व सरस्वती, गाणारा सूत्रधार आणि वावदूक विदूषक हे ज्या जुन्या घरातून आले, त्या घराचे एक दार लळितात होते, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

दुसरा खुलासा सणाविषयी. नाताळ जालन्यास परका नव्हे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्यास मिशनचे काम केले आणि शहराजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. त्यामुळे आमच्या जिल्ह्यातील मनुष्यास नाताळ म्हटला की येशूजन्माचा देखावा आणि प्रार्थनेची गीते आठवतात. पँटोमाइममध्ये यांतले काहीही नसते. तो नाताळचा खेळ आहे तो केवळ तिथीमुळे. कथा असतात त्या सिंडरेलाच्या, अलादीनच्या, मांजर घेऊन लंडनास गेलेल्या डिक व्हिटिंग्टनच्या. आम्ही पाहिला तो खेळ जॅक आणि त्याच्या घेवड्याच्या वेलाचा होता. गरीब विधवेचा मुलगा गाय विकावयास जातो, तिच्या मोबदल्यात मूठभर घेवड्याचे दाणे घेऊन येतो, आई रागाने ते फेकून देते, रात्रीत आभाळापर्यंत वेल वाढतो आणि वर एक राक्षस राहत असतो. एवढीच गोष्ट. ती आमच्या नातवास ठाऊक होती, नाट्यगृहातील शेकडो मुलांस ठाऊक होती, आणि ठाऊक होती म्हणूनच ती पाहावयाची होती.

खेळाचे संकेत ठरलेले असतात. परी रंगमंचाच्या उजव्या बाजूने येते, दुष्ट डाव्या बाजूने. दुष्टाने पाऊल टाकताच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो करावयाची. तो म्हणणार, 'हे असेच आहे'. सर्वांनी म्हणावयाचे, 'मुळीच नाही.' नायकाच्या पाठीशी भूत उभे राहिले की मुलांनी ओरडून सांगावयाचे, 'तुझ्या मागे आहे!' आणि नायकाने वळून पाहताच भूतही वळणार. नायकाचे काम पुष्कळदा एखादी तरुणी करते. त्याच्या आईचे काम मात्र पुरुषाने करावयाचे. या म्हातारीस 'डेम' म्हणतात, आणि सारा खेळ तिच्या पदराला बांधलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ड्रुरी लेन येथे डॅन लेनो याने हे काम प्रसिद्धीस नेले. आम्ही पाहिलेली डेम सहा फूट उंच होती, तिचा आवाज घोगरा होता, आणि प्रत्येक प्रवेशात तिचा नवा झगा आधीच्या झग्याहून अधिक अशक्य होता. तिने गोड गोळ्या प्रेक्षकांत फेकल्या. मग पुढल्या रांगांतील एक गृहस्थ आपला प्रियकर म्हणून निवडावयाचा, हाही संकेतच. दुर्दैवाने ते गृहस्थ आम्ही निघालो. नाव विचारले, ते तिला उच्चारता येईना. तेव्हा व्यवसाय विचारला आणि पुढील दोन तास प्रत्येक संकटात ती 'माझा प्रोफेसर कोठे आहे?' म्हणून आक्रोश करीत राहिली. आम्ही संकोचाने खुर्चीत बुडालो होतो. नातू मात्र खुर्चीवर उभा राहून आमच्याकडे बोट दाखवीत होता.

संहिता म्हणून पाहिले तर या खेळाचे परीक्षण चार ओळींत संपेल. कथेचे धागे सैल, गाणी निरनिराळ्या चित्रपटांतून उचललेली, विनोद दूरचित्रवाणीवरील आणि म्हणून पुढल्या वर्षी शिळे होणारे, मध्यंतरात चमकणाऱ्या कांड्यांची विक्री. एखाद्या विद्यार्थ्याने ही संहिता आमच्यापुढे ठेवली असती तर आम्ही त्यास उत्तीर्ण केले नसते. असा निकाल मनाशी करून आम्ही बसलो असताना एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे.

डेम आपल्या मुलास सांगते की घरात अन्न नाही, गाय विकावी लागेल. गाय म्हणजे काय? रंगविलेल्या कापडाच्या आत दोन माणसे, एक पुढच्या पायांचा, एक मागच्या. मागच्याला पुढच्याचे पाऊल कळत नाही, म्हणून ती अडखळते, आणि लोक हसतात. गाय मान वळवून घराकडे पाहते. तेव्हा साऱ्या नाट्यगृहाने कळवळल्याचा एक लांब हुंकार काढावयाचा, हाही संकेत. सर्वांनी तो काढला आणि लगेच सर्व हसले. आमच्या शेजारी आई बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. ती पदराने डोळे पुसत होती.

आम्ही विचारले, काय झाले? ती म्हणाली, "कपिलेला असंच नेलं होतं."

१९७२ च्या दुष्काळात आम्ही चार वर्षांचे होतो. मराठवाड्यात ज्यांनी ते वर्ष पाहिले त्यांस मिलोची लाल भाकरी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे यांविषयी सांगावयास नको. चारा संपला तेव्हा आमच्या घरची कपिला गाय बाजारात गेली. ही गोष्ट आम्हांस घरातील एक जुनी हकीकत म्हणून ठाऊक होती. आईच्या तोंडून ती अशी कधीच ऐकली नव्हती. कापडाच्या गाईने ती बोलती केली.

ज्या खेळाला आम्ही पोरखेळ म्हणत होतो त्याचा पाया काय आहे, हे त्या क्षणी लक्षात आले. जॅकच्या घरी धान्य नाही. सिंडरेला चुलीशी राखेत बसते. डिक व्हिटिंग्टन उपाशी पोटी लंडनाची वाट चालतो. अलादीनची आई इंग्रजी खेळात लोकांचे कपडे धुते. या सर्व कथांचा आरंभ अन्नाच्या टंचाईत आहे. वर चढविलेला झगमगाट कितीही असो, खालची जमीन तीच. आपल्याकडे म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. पँटोमाइम नेमके हेच जाणतो. तेथे स्त्रीचे सोंग पुरुष आणतो, पुरुषाचे सोंग स्त्री आणते, गाईचे सोंग दोघे मिळून आणतात; दारिद्र्य मात्र सोंगाच्या आतून खरेपणाने दिसत राहते. सहा वर्षांच्या मुलाला त्यात वेल आणि राक्षस दिसतो, तिशीतल्या जावयाला डेमचे सूचक विनोद कळतात, आणि ७८ वर्षांच्या वृद्धेला गाय दिसते. एकाच रांगेत बसून तिघांनी तीन नाटके पाहिली, आणि तिघांनी ओरडताना मात्र एकच वाक्य ओरडले. संहितेत जे आम्हांस सैल वाटले ते या तिघांसाठी सोडलेली जागा होती, असे आता म्हणावेसे वाटते.

येथून आम्ही चैत्राकडे वळतो. आमचे गाव घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या बाजूस आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले, आणि नाथांचे पैठण नदीच्या वरच्या अंगाला. त्यामुळे रामनवमी आणि भारूड या दोन गोष्टी आमच्याकडे हवेतूनच मिळतात. लेक व जावई इस्टरच्या सुटीत आले होते. नातवाला गावची रामनवमी दाखवावी असे आईच्या मनात होते. जालन्याहून अंबडमार्गे निघालो. रस्त्याच्या कडेने मोसंबीच्या बागा होत्या, काहींना टँकरने पाणी घातलेले. प्रतिपदेपासून नवमीपर्यंत कीर्तने झाली होती आणि दशमीच्या रात्री लळित होते.

तरुण वाचकांसाठी लळिताचे स्वरूप थोडक्यात सांगतो. देवाचा उत्सव संपताना, देव सिंहासनावर बसून दरबार भरवीत आहे असे कल्पून त्याच्यापुढे सोंगे आणावयाची, हे लळित. आरंभी गणपती येतो, सरस्वती येते. मग भालदार-चोपदार ललकारी देतात आणि एकामागून एक सोंगे दरबारात हजर होतात: मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव, पंचांगवाला जोशी, गोंधळी, वाघ्या आणि मुरळी, बहिरा, आंधळा, पांगळा. चोपदार प्रत्येकाला उलटसुलट प्रश्न विचारतो. उत्तरांत थट्टा असते, गावातील प्रकरणे असतात, आणि शेवटी परमार्थाचा एखादा धागा ओढून सोंग आपला अर्थ सांगते. निघण्यापूर्वी प्रत्येक सोंग देवापुढे हात जोडून काही मागते. हे मागणे स्वतःपुरते नसते. पाऊस, पीक, गुरे, गावाची शांतता यांसाठी असते. अखेर आरती आणि प्रसाद. एकनाथांच्या भारुडांत याच सोंगांची फार मोठी पंगत आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच.

मंदिरापुढील अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पडदा नव्हता, एका बाजूस विजेचा दिवा, त्याभोवती किडे. सोंगे समोरच्या ओसरीवर, सर्वांदेखत रंगत होती, आणि मुरळी झालेल्या गड्याची मिशी पदराखाली पूर्ण झाकत नव्हती. जोशाला चोपदाराने विचारले, "पाऊस केव्हा?" जोशी म्हणाला, "पंचांगात मृगाला आहे, मोबाइलात गुरुवारी आहे, आणि आभाळात नाही." लोक हसले, पण ज्यांच्या बागा टँकरवर होत्या ते जरा उशिरा हसले.

मग बहिऱ्याचे सोंग आले. त्याला ऐकू येत नाही, चोपदार प्रश्न विचारून दमतो आणि शेवटी काठी घेऊन त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. हे घडताच आमचा नातू उठला आणि नाताळात शिकलेला धडा मराठीत म्हणाला, "तुझ्या मागे आहे!" अंगण क्षणभर गप्प झाले. लळितात बोलावयाचे ते पात्रांनी. प्रेक्षकांनी हसावे, मान डोलवावी, फार तर टाळी द्यावी. आम्ही त्याला ओढून खाली बसविणार, इतक्यात गावच्या मुलांनी ते वाक्य उचलले आणि पन्नास कंठांतून गर्जना झाली, "तुझ्या मागे आहे!" बहिऱ्याचे सोंग घेणारा शेतकरी पन्नाशीचा होता. त्याने कानामागे हात लावला आणि विचारले, "काय? मागणे आहे? मग मागतो की!" आणि तो देवाकडे वळून लांबलचक मागण्यांची यादी म्हणू लागला: शाळेला छप्पर, विहिरीला पाणी, पोरांना बायका, बायकांना गॅसची टाकी. मुले 'मागे, मागे' म्हणून ओरडत होती आणि तो 'मागतो, मागतो' म्हणत होता. हे दहा मिनिटे चालले. कोणत्याही वहीत हा प्रवेश लिहिलेला नव्हता.

दोन्ही खेळ समोर ठेवले म्हणजे काही गोष्टी टीकाकाराला शिकता येतात. पहिली सोंगाविषयी. पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे म्हटले की आपणांस बालगंधर्व आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु बालगंधर्वांच्या कलेचा हेतू प्रेक्षकाने पुरुष विसरावा हा होता. डेमचा आणि आमच्या मुरळीचा हेतू उलटा: प्रेक्षकाने पुरुष क्षणभरही विसरता कामा नये. मिशी दिसली पाहिजे, आवाज फुटला पाहिजे. कारण येथील आनंद भुलण्याचा नसून उघड्या डोळ्यांनी खेळात सामील होण्याचा आहे. आमच्या मराठी टीकेने पहिल्या प्रकारास कला म्हटले आणि दुसऱ्यास ओबडधोबड म्हणून पायरीखाली बसविले. दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्याचा हा परिणाम आहे.

दुसरी गोष्ट शेवटाविषयी. पँटोमाइम लग्नाने व नाचाने संपतो. शेवटचे यमकबद्ध चरण तालमीत म्हणू नयेत, ते पहिल्या खेळाच्या वेळीच म्हणावे, असा नटांचा समज आहे. म्हणजे तेथेही कोठे तरी खेळ पुरा होण्यासाठी प्रेक्षक लागतो, ही जाणीव आहे. परंतु जॅकला राक्षसाचे धन मिळाले की त्याची गरिबी संपते. गावाचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. लळिताचा शेवट अधिक खोल आहे. तेथे कोणासच धन मिळत नाही. आंधळा आंधळाच राहतो, पण तो सर्वांसाठी मागतो. हा फरक केवळ धर्माचा नाही. आपल्या अडचणीचा उच्चार चारचौघांत करण्याची ती एक रीत आहे, आणि हसून झाल्यावर तो उच्चार सोपा जातो.

लळिताची स्तुती करताना त्याचे दोष झाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. आंधळ्या-पांगळ्यांची थट्टा आज आमच्या कानाला टोचते, आणि टोचावीच. त्याहून गंभीर प्रश्न जातीचा आहे. नाथांच्या जोहारांत महाराच्या मुखाने साऱ्या गावाला बोध केला आहे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण लळितात ते सोंग घेणारा कोण होता, आणि ज्याचे सोंग घेतले तो स्वतः कोठे बसला होता? आमच्या लहानपणी तो अंगणाच्या बाहेर, वेशीच्या बाजूला उभा असे. आमच्या गावी तेथल्याच तरुणांनी काही वर्षांपूर्वी या सोंगाला हरकत घेतली आणि ते बंद झाले. काही वृद्धांस परंपरा मोडल्याचे दुःख झाले. आम्हांस वाटते की परंपरेचे त्यात काही गेले नाही. इंग्रजांसही अलादीनच्या खेळातील चिनी माणसांची विटंबना अलीकडे खटकू लागली असून काही मंडळ्यांनी ती कथा निराळ्या देशी नेली आहे. जो खेळ प्रेक्षकाची हाक ऐकतो, त्याने हरकतही ऐकलीच पाहिजे. यंदा त्याच तरुणांपैकी एक जण वासुदेव झाला होता, आणि त्याचा आवाज सर्वांत चांगला होता.

कोणी म्हणेल, मुलांसाठी आपल्याकडे बालनाट्य आहेच. आहे, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. १९५९ साली सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी मुलांस स्वतःचे नाटक मिळाले. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ पासूनच्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी रंगविली. पुरुषाने केलेली ती चेटकीण पाहून नाट्यगृहात मुले जी आरडाओरड करीत, ती इंग्रज डेमच्या प्रेक्षकांस शोभली असती. परंतु बालनाट्य या नावातच एक वाटणी आहे. त्या नाटकाला मोठी माणसे जातात ती मुलांना पोचवावयास. आणि मोठ्यांच्या नाटकाला जाताना मुले शेजाऱ्यांकडे ठेविली जातात. आजीसाठी तर यांपैकी कोणतेच नाटक लिहिले जात नाही. आमच्या घरापुरते सांगावयाचे तर चार पिढ्या एका रांगेत बसल्या त्या या दोन खेळांच्या वेळी. त्यापूर्वी केव्हा बसल्या होत्या हे आठवावे लागेल.

आता जे सांगावयाचे ते सांगण्यास थोडा संकोच वाटतो. आमचे वडील गावच्या शाळेत शिक्षक होते आणि अनेक वर्षे ते लळितात चोपदार होत. पाटलापासून तलाठ्यापर्यंत कोणास काय विचारावे व कोठे थांबावे, हे त्यांस बरोबर कळे. १९९९ साली ते वारले. पुढल्या चैत्रापूर्वी गावची चार माणसे जालन्यास आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काठी आता तुम्ही घ्या." आम्ही त्या वेळी शेक्सपिअरच्या विदूषकांवर निबंध लिहीत होतो. परीक्षेच्या कामाची सबब सांगून आम्ही त्यांस चहा पाजून परत पाठविले. खरे कारण असे की आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पाहिले तर काय म्हणेल, याची आम्हांस लाज वाटली. ज्या माणसास लिअरच्या विदूषकात तत्त्वज्ञान दिसत होते, त्याला आपल्या बापाच्या हातातील काठी दिसली नाही. मराठी सुशिक्षितांनी लोकरंगभूमीविषयी ग्रंथ लिहिले, परिसंवाद भरविले. अंगणात जाऊन बसणे मात्र सोडले. नंतर अंगण रिकामे झाले म्हणून आपणच हळहळलो.

यंदा सोंगे घेणारे सहा जण उरले होते. एक एक जण तीन तीन सोंगे घेत होता, म्हणून मधले थांबणे लांबत होते. तरुण पुण्यास किंवा जालन्याच्या कारखान्यांत कामाला आहेत. रात्रभराच्या खेळासाठी त्यांस सुटी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुजाऱ्यांनी एक वही आणून दाखविली. तीत सोंगांची पदे व चोपदाराचे प्रश्न वडिलांच्या अक्षरात होते. कडा वाळवीने खाल्लेल्या. तिची नक्कल करून द्यावी एवढेच त्यांनी आम्हांस सांगितले. काठीचा विषय त्यांनी काढला नाही. २५ वर्षांपूर्वी एकदा विचारून झाले होते.

नक्कल आम्ही उतरविली. ती उतरविताना ध्यानात आले की वहीच्या प्रत्येक दोन पदांमध्ये अर्धे पान कोरे आहे. प्रथम वाटले, पुढे भर घालण्यासाठी जागा ठेवली असेल. मग बहिऱ्याच्या पानावर वडिलांनी बारीक अक्षरात घातलेली सूचना दिसली: 'येथे लोक बोलतील.' साऱ्या आयुष्यात नाटकावर जेवढे वाचले त्यात या तीन शब्दांइतकी नेमकी गोष्ट आम्हांस क्वचितच सापडली. इंग्रजांच्या खेळातही हीच कोरी जागा आहे. फरक इतकाच की त्यांनी ती भरण्यास दर वर्षी मुलांस नेले, आणि आम्ही नेले नाही.

येत्या चैत्रात काठी घेण्याचे आम्ही गावास कळविले आहे. गुडघे दुखतात, पाठांतर पूर्वीसारखे राहिले नाही, आणि गावातील निम्म्या लोकांची नावे आम्हांस नव्याने शिकावी लागतील. आईला हे सांगितले तेव्हा तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "घे. पण वर्गात बोलतोस तसं बोलू नकोस. तिथं लोकांनाही बोलू द्यावं लागतं."